ओढणीखाली

आमच्या घरात बायकांचे गळालेले केस कुणी केरात टाकत नाही. नानीच्या काळापासूनची रीत आहे. विंचरून झाले की फणीतला गुंता काढायचा, बोटाभोवती गुंडाळून त्याची गोळी करायची आणि मातीच्या भिंतीतल्या फटीत खोचायची, नाहीतर अंगणात पुरायची. बाईचा केस परक्याच्या नजरेला पडू नये, कुणी त्यावर काही करू नये, अशी त्यामागची समजूत. आता घर सिमेंटचे झाले, भिंतीला फटी राहिल्या नाहीत. म्हणून आम्ही त्या गोळ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत साठवू लागलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात ती पिशवी आठ दिवसांत भरली, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो.

घाबरलो, पण कुणाला सांगितले नाही. सांगायची गरजही पडली नाही. घराबाहेर डोक्यावर ओढणी, शाळेत स्कार्फ, घरात सासरे आणि दीर म्हणून पुन्हा ओढणी. आमचे केस किती उरले, हे आमच्या आरशाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. ('आम्ही' लिहितो ते मोठेपणा म्हणून नव्हे. घरात 'हम' बोलायची जन्मापासूनची सवय, मराठी लिहिताना 'मी' लेखणीतून उतरतच नाही.)

आमचे माहेर अचलपूरचे. बी.एड. अमरावतीला झाले आणि नोकरी लागली ती धारणीला, उर्दू शाळेत, विज्ञान शिकवायला. परतवाडा सोडले की सेमाडोह, हरिसाल करीत एस.टी. घाटाची वळणे घेत धारणीला येते. मेळघाटात बाहेरून येणाऱ्या माणसाला इथले लोक एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच सांगतात: इथले पाणी लागते. ताप आला तर पाणी लागले, पोट बिघडले तर पाणी लागले, केस गळाले तरी पाणी लागले. शेवटी आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्माजींनी, उशीवरचे केस पाहिलेच. त्याही हेच म्हणाल्या, "पानी लगा है बेटा. तेल लगाओ, बाल ही तो हैं, आ जाएँगे."

मग तेल सुरू झाले. खोबरेल तेलात कलौंजी आणि मेथी उकळून. नंतर कांद्याचा रस. रात्री डोक्याला कांदा लावून झोपायचो तर तान्हे पोर जवळ यायला तयार नसे, तोंड फिरवून रडे. कलौंजीत शिफा आहे हे आम्हीही मानतो, तेलाने केस मऊ होतात हेही खरे. पण ज्याचे मूळ रक्तात आहे त्याला वरून किती चोळणार? हे आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. केसाचे मूळ कातडीच्या आत असते, त्याला रक्तवाहिन्या अन्न पोचवतात, जो भाग आपण विंचरतो तो निर्जीव असतो. मुलांकडून हे पाठ करून घेत होतो आणि घरी येऊन निर्जीव भागाला कांदा चोळत होतो.

दीड महिन्याने अमरावतीला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी डोके नंतर पाहिले. आधी विचारले, "तीन-चार महिन्यांपूर्वी काय झाले होते?"

आम्ही म्हणालो, "बाळंतपण."

त्या हसल्या. मग त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. त्या जागी नवा येतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे हा हिशेबातला भाग आहे. शाळेत कसे, काही वर्ग सुटतात, काही भरतात, अंगणात गर्दी होत नाही. गरोदरपणात शरीर बहुतेक केसांना वर्गातच बसवून ठेवते, म्हणून त्या दिवसांत वेणी जाड वाटते. बाळ झाले की दहाही वर्गांची सुट्टी एकाच घंटेला होते. हे सगळे केस थांबतात आणि तीन महिन्यांनी एकदम बाहेर पडतात. टायफॉईड, मोठे ऑपरेशन, उपाशी राहून वजन कमी करणे, घरात मोठा सदमा, यानंतरही असेच होते. बाई मात्र कालच्या शाम्पूला दोष देते, कारण तीन महिन्यांपूर्वीचा ताप तिच्या लक्षात राहिलेला नसतो.

असे गळालेले केस सहा महिने ते वर्षभरात बहुधा आपोआप परततात. आमचे परतत नव्हते, म्हणून त्यांनी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. फेरिटिन नावाची एक तपासणी असते, शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे ते तीत कळते. आमचे कोठार जवळजवळ रिकामे होते.

डॉक्टरबाईंनी विचारले, "घरात जेवता केव्हा?" प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. शाळेतून आल्यावर मुलांना वाढतो, मग सासरे, मग आमचे शौहर, मग दीर. अम्माजी आणि आम्ही शेवटी. गोश्त शिजते त्या दिवशी बोट्या पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात, आमच्या वाट्याला शोरबा येतो. कुणी हिसकावून घेत नाही, आम्हीच वाढतो तसे. आणि जेवण झाले की लगेच चहा. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागते, हेही पुस्तकात आहे. आमच्या घरात लिंबू सलाडवर पिळले जाते आणि ते सलाड पुरुषांच्या दस्तरखानावर जाते.

यात आमचे घर वेगळे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले, देशात ५७ टक्क्यांत. म्हणजे दर दोन बायकांत एकीहून जास्त. रक्त कमी असलेल्या प्रत्येकीचे केस गळतातच असे नाही. पण केस गळणाऱ्या बाईने तेलाची बाटली घेण्याआधी रक्त तपासावे एवढे या आकड्यावरून नक्की कळते. मेळघाटात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. रक्त कमी असण्याचे कारण दर वेळी लोहच असेल असे नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असताना न तपासता लोहाच्या गोळ्या खात राहणे नुकसानीचेही ठरू शकते.

शाळेत सहावीपासूनच्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी देण्याची सरकारची योजना आहे, लोह आणि फॉलिक अॅसिडची. आमच्या वर्गाच्या खिडकीखाली पावसाळ्यात निळे डाग दिसायचे. मुली गोळी जिभेखाली धरून ठेवत आणि आम्ही फळ्याकडे वळलो की बाहेर थुंकत. मळमळते, शौचाला काळे होते, कुणी म्हणते यामुळे पुढे मूल होत नाही. आधी आम्ही रागावत होतो. स्वतः रोज लोहाची गोळी घ्यायला लागलो आणि आठवडाभर मळमळ सोसली तेव्हा राग गेला. आता गोळी दुपारच्या खिचडीनंतर देतो आणि काळे का होते ते आधी सांगतो. खिडकीखालचे डाग कमी झाले आहेत, संपलेले नाहीत.

पाणी लागले म्हणण्यावरून शेगावची गोष्ट सांगितली पाहिजे. शेगाव आपल्या वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात. २०२४ च्या डिसेंबरअखेर त्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस मुठीत यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, बायका आणि पुरुष दोन्ही. लोकांनी शाम्पूवर शंका घेतली. बुरशीचा आजार असेल असे म्हटले गेले. पाण्याचे नमुने तपासले तर त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, तेव्हा सगळ्यांना वाटले, सापडले, पाणीच. इकडे धारणीतही तेच बोलणे, "देखा, पानी से ही होता है."

नंतर आयसीएमआरची पथके आली. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे सर्वांना ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर त्या गावांत गेले, नमुने घेतले, तपासून आणले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितले ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोष रेशनच्या गव्हात होता. पंजाब-हरियाणाकडून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम नावाचे तत्त्व स्थानिक गव्हापेक्षा सुमारे ६०० पट होते. बाधितांच्या रक्तात ते नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघाले. जस्त मात्र कमी झालेले. १८ गावांतले २७९ लोक त्यांनी मोजले होते. त्यांत कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. कुणाचे शिक्षण अडले, कुणाचे ठरलेले लग्न. बऱ्याच जणांचे केस पुढे पुन्हा उगवू लागले.

सेलेनियम म्हणजे विष नव्हे. शरीराला ते लागते, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यातले पंचावन्न. जमिनीत ते जास्त असले की पिकात येते. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला अशा जमिनी आहेत. शेगावच्या बाईने काय चूक केली होती? रेशनचा गहू आणला, दळला, पोळ्या केल्या. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत रेशनचाच गहू खाल्ला जातो. ती बातमी वाचल्यावर आम्ही कितीतरी दिवस पीठ मळताना थांबून त्याकडे बघत होतो.

आणि हेच सेलेनियम केसांच्या गोळ्यांतही असते. औषधाच्या दुकानात 'बालों की गोली' म्हणून मागितली की जी बाटली मिळते तिच्यावरची बारीक अक्षरे वाचून पाहावीत. बायोटिन, जस्त, अ जीवनसत्त्व, सेलेनियम. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झाले तर केस गळतात! आमच्या एका सहकारी बाजी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या एकाच वेळी खात होत्या, एक नणंदेने सांगितली म्हणून, दुसरी शेजारणीने. बायोटिनमुळे आणखी एक घोटाळा होतो. थायरॉईडच्या काही तपासण्यांचे आकडे त्याने चुकीचे येतात. थायरॉईडच्या दोषानेही केस गळतात. म्हणजे ज्या आजाराने केस गेले तो शोधायला जावे आणि केसांच्या गोळीनेच तो लपावा.

शेगावची बातमी गाजत होती त्याच दिवसांत आमच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत एकटी बसू लागली. विचारले तर मान खाली. शेवटी शिक्षकांच्या खोलीत नेऊन दार लावले, तेव्हा तिने स्कार्फ सोडला. कानामागे पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा अगदी गुळगुळीत. मुलींनी तिला 'गंजी' नाव ठेवले होते आणि आपल्यालाही लागेल म्हणून बाकावरून उठवले होते. घरी लसूण घासून घासून कातडी सोलली होती.

मराठीत याला चाई पडणे म्हणतात, आपण उर्दूत बालखोरा म्हणतो. युनानी तिब्बमध्ये याचे नाव दाउस्सालब आहे, म्हणजे कोल्ह्याचा रोग. खरजेने कोल्ह्याचे केस झडतात, त्यावरून. इब्न सिना यांनी हेच नाव वापरले आणि इंग्रजीत डॉक्टर जो अॅलोपेशिया शब्द लिहितात त्यातही ग्रीक कोल्हाच दडला आहे. भाषेच्या मास्तराला हे वाचून आनंद होतो. पण त्या मुलीला याचा काय उपयोग! तिला एवढेच हवे होते की कुणीतरी वर्गात सांगावे, हे लागत नाही. ते आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले. शरीराचे संरक्षण करणारे सैन्य चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर चाल करते, त्याने चाई पडते. शेजारी बसून, एका फणीने, एका ओढणीने ती दुसऱ्याला होत नाही. फणीने पसरतो तो डोक्यातला नायटा. त्यात खपल्या येतात, केस तुटतात, त्याला पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमाने तो जात नाही. मुलीच्या आईला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला आम्ही तयार केले. त्यांनी चाईच असल्याचे सांगितले, त्या जागी बारीक सुईने औषध टोचले आणि लसूण बंद करवला. चार महिन्यांनी तिथे मऊ केस आले. एकाच लहान चाईचे केस कित्येकदा वर्षभरात औषधाविनाही येतात, काही वेळा नवी चाई पडतेही. तिला अजून नवी पडलेली नाही.

मागे अमरावतीला एका प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत एका बाईंनी आम्हाला सहज विचारले होते, "तुमच्यात बुरख्यामुळे केस जातात ना हो? हवा लागत नाही." त्यांच्या मनात वाईट नव्हते. आम्ही तेव्हा गप्प बसलो, कारण उत्तर पुरते ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. केसाच्या मुळाला हवा बाहेरून लागत नाही, प्राणवायू रक्तातून मिळतो. कापडाने केस जात नाहीत. पण हेही लपवू नये की आपण फजरला केस धुतो, ओलेच घट्ट बांधतो, त्यावर टोपी, त्यावर स्कार्फ, पिन रोज त्याच जागी, आणि दुपारी चारपर्यंत तसेच. कपाळाजवळचे आणि कानशिलाजवळचे केस रोज ओढले गेले की ते आधी विरळ होतात आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर मुळेच मरतात. हे घट्ट वेण्या घालणाऱ्या कुठल्याही बाईला होते, तिचा मजहब कोणताही असो. केस वाळवून सैल बांधावे, सुती कापड घ्यावे, भांग अधूनमधून बदलावा, घरात आल्यावर केस मोकळे सोडावे. पर्द्याला यात कुठेच धक्का लागत नाही. काळ्या मेहंदीचे मात्र जपून. साधी मेहंदी वेगळी, काळ्या रंगासाठी तीत मिसळलेले रसायन काहींना असे उठते की डोळे सुजून बंद होतात.

ओढणीमुळे खरे नुकसान होते ते दुसरेच. ती असल्यामुळे आपण उशिरा जागे होतो. आमच्या नणंदेचे तसेच झाले.

ती चोवीस वर्षांची. तिचा भांग रुंद होत चालला होता, कपाळावरची रेघ तशीच, फक्त मधली वाट पांढरी आणि चौडी. दोन वर्षे तिने कुणाला कळू दिले नाही. एका ठिकाणाहून पैगाम आला. मुलाच्या घरच्या बायका येणार, आणि आपल्याकडे बायका आल्या की चहा झाल्यावर म्हणतातच, "बेटी, ज़रा चोटी खोलो." त्या रात्री ती आमच्या खोलीत येऊन रडली. तपासण्या केल्या तेव्हा अंडाशयाचा दोष निघाला, पीसीओएस म्हणतात तो. पाळी तीन-तीन महिने यायची नाही, तेही तिने लपवले होते. अशा गळतीत केस आपोआप परतत नाहीत, उपचार लागतो आणि धीर लागतो. डॉक्टरांनी पाळीसाठी औषध दिले आणि भांगात लावायला मिनोक्सिडिल. मुळात हे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून डोक्यासाठी त्याचे द्रावण निघाले. पहिल्या काही आठवड्यांत त्याने केस उलट जास्त गळू शकतात. बहुतेक बाया तिथेच बाटली फेकतात. फरक दिसायला चार ते सहा महिने जातात, बंद केले की मिळालेले पुन्हा जाते, आणि गरोदर बाईने ते लावायचे नसते. हे सगळे त्यांनी आधीच बजावले, म्हणून ती टिकली.

पण पाहुण्या तर पुढच्या जुमेरातीला येणार होत्या. अम्माजींनी गंगावन आणायचे ठरवले. आम्ही म्हणालो, निकाहनंतर काय करणार? मग मसला निघाला. बुखारी शरीफमध्ये एका आईची रिवायत आहे. तिच्या मुलीचे केस आजारात गळाले होते, लग्न झालेले होते, केस जोडू का म्हणून ती हुजूर (स.) यांना विचारायला गेली, आणि मनाई झाली. माणसाचे केस जोडू नयेत, लोकर-रेशमाचा गोफ चालेल, असे हनफी आलिम सांगतात. अम्माजी त्यावर लगेच रेशमी चुट्टीचा विचार करू लागल्या. आमच्या डोक्यात मात्र ती आईच राहिली. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदीन्यातही एक आई हीच काळजी घेऊन घराबाहेर पडली होती. तिने निदान विचारले होते. आम्ही दोन वर्षे एका घरात राहून विचारले नव्हते.

जुमेरातीला पाहुण्या आल्या. चुट्टी लावली नव्हती. चोटी खोलायला सांगण्याआधी आम्हीच म्हणालो, "हिचे केस कमी आहेत, इलाज चालू आहे, पाळीचीही तकलीफ आहे." अम्माजींनी आमच्याकडे असे पाहिले की आजही आठवले तरी अंगावर काटा येतो. खोलीत कुणी बोलेना. नणंद मान खाली घालून बशी पुसत राहिली.

तो रिश्ता जमला नाही. कारण केस नव्हते, निदान त्यांनी तसे सांगितले नाही. मुलाला बाहेरगावी नोकरी लागली आणि त्यांनी तिकडचेच स्थळ पाहिले. अम्माजी महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. नणंदेचे औषध चालू आहे, आठवा महिना आहे, भांगाच्या कडेला बारीक केस दिसतात, उन्हात उभी राहिली की जास्त.

त्या दिवशी पाहुण्या निघताना मुलाची आई चप्पल घालता घालता परत आत आली. स्वयंपाकघरात आम्ही एकटेच होतो. तिने ओढणी थोडी मागे सरकवली आणि मान वाकवून भांग दाखवला. "बाजी, बच्ची को जो दवा लगाते, उसका नाम लिख के देव ना."

आम्ही औषधाचे नाव लिहिले नाही. मुलाच्या वहीचे पान फाडले आणि त्यावर तीन तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड. खाली डॉक्टरबाईंचा पत्ता. तिने कागदाची घडी करून पदरात बांधली आणि विचारले, "घर में किसकू बताना पड़ेगा क्या?"